आयंबिक पेंटामीटर

इंग्रजी काव्यातील सर्वांत रुळलेले वृत्त. ओळीत पाच गण असतात आणि प्रत्येक गणात दोन सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे): पहिले निराघात (जोर नसलेले), दुसरे साघात (जोर असलेले). अशा गणाला आयंब म्हणतात. म्हणजे दहा सिलॅबल, पाच आघात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने हे वृत्त इंग्रजीत रुजवले. १५४० च्या सुमारास सरेच्या अर्लने व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्यातील दोन सर्ग याच वृत्तात इंग्रजीत आणताना यमक सोडून दिले आणि ब्लँक व्हर्स तयार झाले. शेक्सपिअरच्या नाटकांतला मोठा भाग आणि मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) याच रूपात आहे. ब्लँक व्हर्सला मुक्तछंद म्हणणे ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसते, पण वृत्त असतेच; मुक्तछंदात ठरावीक वृत्तही नसते.

मराठी विद्यार्थी अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. आपली अक्षरगणवृत्ते लघु-गुरूवर, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळावर चालतात. प्रमाणिका वृत्ताचा 'लगा लगा लगा लगा' (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) हा क्रम कानात बसलेला असतो, आणि आयंबही तसाच भासतो. पण इंग्रजीत लांबी पाहायची नसते, जोर पाहायचा असतो. ग्रेच्या 'एलिजी'ची (१७५१) पहिली ओळ घ्या:

द कर् । फ्यू टोल्स । द नेल । ऑफ पार् । टिंग डे

आघात कर्, टोल्स, नेल, पार् आणि डे यांवर आहेत. आपल्या हिशेबाने 'फ्यू' दीर्घ म्हणून गुरू आणि 'टिं'वर अनुस्वार म्हणून तोही गुरू. इंग्रजी उच्चारात मात्र दोन्ही निराघात. लघु-गुरू लावून ही ओळ सोडवायला गेलात तर दुसऱ्याच गणात फसाल. 'कर्फ्यू' आणि 'पार्टिंग' हे शब्द गणांच्या सीमेवर तुटले आहेत, हेही पाहा. गण शब्दाची सीमा पाळत नाही.

ओळ सोडवताना क्रम महत्त्वाचा. आधी ती गद्यासारखी, अर्थाकडे लक्ष देऊन मोठ्याने वाचावी. मग सिलॅबल मोजावीत. त्यानंतर एकाहून अधिक सिलॅबलच्या शब्दांचे आघात शब्दकोशात पाहून लावावेत. उच्चारलेखनात आघाताची उभी खूण साघात सिलॅबलच्या आधी असते. 'प्रेझेंट' नाम असेल तर जोर पहिल्या सिलॅबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, म्हणून शब्दाचे व्याकरणही तपासावे. एका सिलॅबलच्या शब्दांत नामे, क्रियापदे, विशेषणे सहसा जोर घेतात. आर्टिकल, प्रीपोझिशन, सहायक क्रियापदे सहसा घेत नाहीत. गणांच्या रेघा सगळ्यांत शेवटी. बरेच जण आधीच दोन-दोन सिलॅबलवर रेघा ओढतात आणि मग आघात त्यांत कोंबतात. अशाने प्रत्येक ओळ निर्दोष आयंबिक निघते आणि कवीने काय केले ते दिसतच नाही.

मोजणीत घोटाळा होतो तो बहुधा लिपीमुळे. 'टोल्स' देवनागरीत लांबट दिसला तरी सिलॅबल एकच. 'इव्हिनिंग' असे तीन तुकड्यांत म्हणायची सवय आपल्याला आहे; प्रचलित इंग्रजी उच्चारात ते दोनच, 'ईव्ह-निंग'. 'हेवन' जुन्या कवितेत अनेकदा एकाच सिलॅबलचे धरलेले असते. उलट शेक्सपिअरमध्ये 'बॅनिश्ड' काही ठिकाणी 'बॅ-नि-शेड' असे तीन सिलॅबलचे वाचावे लागते. दहाचा हिशेब जुळला नाही की आधी असे शब्द तपासावेत.

खरी गंमत नियम मोडतो तिथे आहे. 'टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन' या ओळीत अकरा सिलॅबल आहेत. शेवटचे 'चन' निराघात आणि जादा. याला स्त्रीलिंगी अंत्य म्हणतात. यतीनंतरच्या (मधल्या विरामानंतरच्या) चौथ्या गणात 'दॅट'वर जोर दिला तर आयंब उलटून ट्रोकी (आधी साघात, मग निराघात) होतो, 'इज'वर दिला तर क्रम टिकतो. दोन्ही वाचने ग्राह्य आहेत, मात्र आपण कोणते घेतले ते लिहावे. मिल्टनची नरकवर्णनातली ओळ याहून धीट आहे:

रॉक्स, केव्ह्ज, लेक्स, फेन्स, बॉग्ज, डेन्स, अँड शेड्स ऑफ डेथ

सिलॅबल दहाच, पण आघात आठ. पहिले तीनही गण स्पाँडी (दोन्ही सिलॅबल साघात) असल्याने ओळ पावलोपावली अडखळते, आणि वाट तुडवणाऱ्यांचे कष्ट वाचणाऱ्याच्या जिभेला जाणवतात. शेवटच्या दोन गणांत आयंब परततो.

म्हणून रसग्रहणात 'कविता आयंबिक पेंटामीटरमध्ये आहे' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या गणात बदल झाला, तिथे कोणता शब्द आहे आणि त्या शब्दाचे अर्थाशी काय नाते आहे, हे लिहावे. सगळ्याच सॉनेटना (चौदा ओळींच्या कवितांना) हे वृत्त चिकटवण्याआधीही मोजून पाहावे: शेक्सपिअरचे १४५ वे सॉनेट चारच गणांचे आहे. सॉनेटचे मराठी रूप असलेल्या सुनीताने चौदा ओळी घेतल्या, पण हे वृत्त घेतले नाही. त्याची चाल बहुधा १९ अक्षरांच्या शार्दूलविक्रीडिताची राहिली.