बीटा लय : हालचाल, सराव आणि विश्रांती

मेंदूतील विद्युत तरंगांपैकी सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तने असलेली लय. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे तरंग प्रथम टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले.

बीटा लयीचे नाते हालचालीपेक्षा स्थिरतेशी अधिक. हात उचलायचे ठरले की तो प्रत्यक्ष हलण्याआधीच बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरील थराच्या) हालचाल चालवणाऱ्या प्रेरक भागावर ती ओसरू लागते आणि हात थांबल्यावर पूर्वीपेक्षाही उसळून येते. मॉन्ट्रिअलच्या हर्बर्ट जॅस्पर आणि वाइल्डर पेनफील्ड यांनी १९४९ मध्ये उघड्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून घेतलेल्या नोंदींत, रुग्ण मूठ आवळू लागताच लय मोडे. मूठ तशीच आवळून धरली की परत येई.

पडद्यावरील लक्ष्याकडे हात नेण्याची क्रिया बराच वेळ केली, तर ओसर आणि उसळी यांतले अंतर वाढत जाते. वेग किंवा अचूकता फारशी न बदलताही ते वाढते, त्यामुळे त्याला कौशल्याचे माप समजणे घाईचे ठरेल. वापराने मज्जापेशींच्या जोडण्यांवर पडलेला ताण त्यात दिसत असावा. दुसऱ्या दिवशी हे अंतर मूळपदावर आलेले असते. झोपेचा यात वाटा असावा, असे मानायला आधार आहे : हाताचे नवे वळण शिकल्यानंतरच्या गाढ झोपेत त्या कामात गुंतलेल्या भागापुरत्या मंद लहरी वाढतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले.

काही सेकंदांची उसंतही रिकामी नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील २०१९ च्या प्रयोगात लोकांनी डाव्या हाताने ४-१-३-२-४ या क्रमाने कळा दाबल्या. दहा सेकंद सराव, दहा सेकंद थांबा. सुरुवातीची जवळजवळ सगळी प्रगती दिसली ती थांब्याआधीच्या आणि थांब्यानंतरच्या वेगातील फरकात, आणि तिचा संबंध त्या वेळच्या बीटा लयीतील बदलांशी जुळला. २०२१ मध्ये त्याच संस्थेतून, थांब्यात मेंदू तो क्रम सुमारे वीसपट वेगाने पुन्हा ‘वाजवतो’ असे निष्कर्ष आले. यावर आक्षेपही रास्त आहे : बोटांचा शीण उतरल्यानेही आकडे सुधारतात, मग त्याला शिकणे म्हणायचे का?

पार्किन्सन विकारात मेंदूच्या खोल भागांत बीटा लय प्रमाणाबाहेर बळावते. अशा रुग्णांमध्ये ओसर आणि उसळी यांतल्या अंतराची सरावाने होणारी वाढ आढळत नाही. सरावादरम्यान हात सुधारला तरी दुसऱ्या दिवशी ती सुधारणा नीट टिकत नाही.