नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं नाही

वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं, ‘तुमचं नाव काढून टाकलंय, आता तुम्हाला कोणी ओळखणार नाही.’ हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचं १९९०च्या दशकातच सिद्ध झालं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच राहिले. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. तिथेच राहणाऱ्या राज्याच्या गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात फक्त सहा जण होते. त्यातले तीन पुरुष, आणि त्या पिनकोडचे एकटे वेल्ड. त्यांच्या उपचारांची नोंद सापडली!

औषधचाचणीत तर माहिती बहुधा पूर्ण निनावी नसतेच, ती सांकेतिक असते. कंपनीकडे तुमचा क्रमांक जातो. क्रमांक कोणाचा, ही यादी संशोधक डॉक्टरांच्या केंद्रात कुलूपबंद राहते. आणि ती राहायलाच हवी, कारण औषधाचा घातक परिणाम दिसला तर तुम्हाला शोधायचं कसं? शिवाय कंपनीचे निरीक्षक, नैतिकता समिती आणि औषध नियंत्रक मूळ कागद तपासू शकतात. संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं, पण घाईघाईत सही घेताना कोणी वाचून दाखवत नाही, याचा मला राग येतो. यादी कोणाकडे राहील आणि तुमचे रक्त वगैरेचे नमुने पुढे कुठे जातील, हे सहीआधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.