वेदना की संवेदना? इगतपुरीच्या शिबिरांमागचा एक शब्द

इगतपुरीहून विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्याला पहिला प्रश्न हमखास येतो, "मग, काय अनुभव आला?" कुणी म्हणतं गुडघे मोडून आले, कुणी म्हणतं अंगभर मुंग्या आल्या आणि शरीर हलकं झालं, कुणी म्हणतं काहीच जाणवलं नाही. पाली या बुद्धवचनांच्या भाषेत या तिन्ही अनुभवांना 'वेदना' हा एकच शब्द आहे, आणि मराठीत नेमका तोच घोटाळ्याचा झाला आहे.

कान्हेरीच्या लेण्यांतल्या भिक्खूंच्या खोल्या, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, वारकऱ्यांचं नामस्मरण ही आपली ध्यानाची जुनी ओळख सर्वांना आहेच. आजच्या शिबिरांची वाट मात्र ब्रह्मदेशातून येते. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेचं राज्य जिंकलं आणि धम्माचा राजाश्रय गेला. आता तो सामान्यांनीच टिकवायचा, या विचाराने तिथल्या एका विद्वान भिक्खूंनी गृहस्थांना साधना शिकवायला सुरुवात केली. पुढे ती एका शेतकऱ्याकडे, त्याच्याकडून रंगूनच्या एका सरकारी लेखा अधिकाऱ्याकडे आली. १९५५ मध्ये त्या अधिकाऱ्याकडे अर्धशिशीने बेजार झालेला भारतीय वंशाचा एक उद्योजक गेला. १९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे त्याला भारतात यायची परवानगी मिळाली आणि जुलैत मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्याने पहिलं शिबिर घेतलं. साधक होते १४, त्यांत त्याचे आईवडील. १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली.

त्याने हिंदीत शिकवताना पालीतल्या 'वेदना'ला 'संवेदना' म्हटलं, आणि तोच शब्द मराठी साधकांच्या तोंडी बसला.

बुद्धवचनात वेदना तीन प्रकारच्या: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. म्हणजे मानेवरची गार झुळूकही वेदनाच. मराठीत मात्र वेदना म्हणजे फक्त दुखणं. आपल्या औषधाच्या दुकानात वेदनाशामक मिळतं. 'संवेदना' घेतल्याने ही अडचण सुटली, पण दुसरी आली. अभिधम्माचे, म्हणजे बौद्धांच्या मनाविषयीच्या तत्त्वचर्चेचे, अभ्यासक म्हणतात, वेदना हा मनाचा धर्म. खाज किंवा उष्णता ही वेदना नव्हे. ती हवीशी किंवा नकोशी लागते, ते लागणं म्हणजे वेदना. ब्रह्मदेशातलीच दुसरी एक परंपरा पोटाचा चढउतार पाहायला आणि जे येईल त्याची मनात नोंद करायला सांगते. शरीरातल्या जाणिवांना ती इतकं मध्यवर्ती स्थान देत नाही. इगतपुरीच्या परंपरेचं उत्तर असं की वेदना मनाची खरी, पण ती हाती लागते शरीरावरच. मला हे उत्तर पटतं, ते पुस्तकामुळे नव्हे.

चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या जाणिवा तटस्थपणे पाहण्याची साधना, दिली जाते आणि मग रोज तीन वेळा एकेक तास अधिष्ठानाची बैठक: हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या डाव्या गुडघ्यात नुसता विस्तव होता. बऱ्याच वेळाने ते एकसंध दुखणं फुटलं. ताण वेगळा, धडधड वेगळी, ऊब वेगळी दिसायला लागली. तेवढ्यात खिडकीतून पावसाची झुळूक मानेवर आली. दुपारी आचार्यांना मी भरभरून गुडघ्याबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या झुळकीकडे कसं पाहिलंत?" ती मला हवी होती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. 'संवेदना'मध्ये झुळूक येते, पण ते हवंसं वाटणं निसटतं. मूळ शब्द ठेवून तो नीट समजावला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पुढचा विस्तार मोठा आहे. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचं शिबिर झालं. २००९ मध्ये मुंबईजवळ गोराईला दगडी पगोड्याचं उद्‌घाटन झालं. त्याच्या घुमटाखाली खांबांशिवाय ८,००० जण बसू शकतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजा मिळू लागली आणि शाळांत आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, पोचलं.

पण महाराष्ट्रात या शब्दांना आणखी एक इतिहास आहे. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाच्या पुढच्या पिढीने जे साहित्य लिहिलं, त्याची ओळखच वेदना, विद्रोह आणि नकार अशी सांगितली जाते. तिथे वेदना म्हणजे पिढ्यांनी सोसलेला अन्याय. 'वेदनेकडे तटस्थपणे पाहा' हे त्या घरात 'सोसत राहा' असं ऐकू येतं, आणि विपश्यनेवरच्या आक्षेपाचं मूळ पुष्कळदा इथे असतं. हे ध्यानात घेतलं की 'संवेदना'च्या बाजूने बोलणाऱ्यांचंही मला पटू लागतं. शिबिरातला दुसरा शब्द तर याहून अवघड. पालीतल्या उपेक्खेला, म्हणजे मनाच्या तटस्थपणाला, तिथे 'समता' म्हणतात, "समतेत राहा" अशी सूचना दिवसभर कानावर पडते. नागपूरहून आलेल्या, माझ्या शेजारच्या आसनावरच्या आजोबांनी दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर मला पहिलं हेच विचारलं, "ही समता कोणती? आमची की यांची?"