नवी पुंगळी पारखताना

रायफलीचे काडतूस स्वतःच्या हाताने भरणाऱ्यांना, म्हणजेच हँडलोडिंग करणाऱ्यांना, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू, गोळी आणि या तिन्हींना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी अशा चार वस्तू लागतात. पहिल्या तीन एका बारात खर्ची पडतात. पुंगळी चांगली असेल तर ती पुन्हा पुन्हा भरता येते. त्यामुळे नव्या पुंगळ्यांचा डबा उघडल्यावर झळाळी पाहून खूश होण्यात फारसा अर्थ नाही. ती बहुतेकदा पॉलिशची करामत असते.

पुंगळीला नेमके काय करावे लागते, हे आधी पाहू. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी मान्य असलेला कमाल दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक. दारू पेटताच पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणूनच ती बाहेर ओढता येते. यासाठी गोळी धरणारी मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा नरम हवेत, तर प्रायमर जिथे बसतो ते बूड कडक हवे. चांगल्या पुंगळीत मानेचा कडकपणा विकर्स या धातूंचा कडकपणा मोजण्याच्या मापाने साधारण १०० च्या आसपास असतो आणि बुडाचा त्याच्या दीडपट किंवा अधिक. एकाच तुकड्यात दोन स्वभावांचा धातू घडवणे, हे कारखान्याचे खरे कसब.

ते साधते मिश्रधातूमुळे आणि घडवण्याच्या क्रमामुळे. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. या प्रमाणात पितळ थंड अवस्थेत न फाटता भरपूर ताणले जाते. जस्त फार वाढले की त्यात दुसरी, कडक स्फटिकरचना तयार होऊ लागते आणि हा गुण हरवतो. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात आणि ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीत धातू कडक होत जातो, म्हणून मधूनमधून तो तापवून नरम करावा लागतो. बूड मात्र शेवटी थंड अवस्थेतच दाबून घडवतात आणि तसेच कडक ठेवतात, तर मान आवळून झाल्यावर तेवढाच भाग पुन्हा तापवतात.

हे शेवटचे तापवणे चुकले तर काय होते, याचा धडा एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराला हिंदुस्थानात मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांना, एकही बार न उडवता, आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण या तिघांनी मिळून तो घात केला होता. त्याची उकल १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केली. पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नयेत, हा सल्ला त्याच रसायनशास्त्रातून आलेला आहे. काही नव्या पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या तापवण्याचाच डाग. काही उत्पादक तो घासून काढतात, त्यामुळे पट्टा नाही म्हणजे मान तापवलेली नाही असा निष्कर्ष काढू नये. आणि पट्टा आहे म्हणजे ती योग्य तितकीच तापवली आहे, असेही नाही.

मोजता येण्याजोग्या गोष्टींमध्ये मी मानेच्या भिंतीच्या जाडीला पहिले स्थान देईन. ही जाडी अनेक पुंगळ्यांत ०.३८ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि मानेच्या घेरात चार ठिकाणी मोजल्यावर फरक ०.०२५ मिलिमीटरच्या आत राहिला तर पुंगळी चांगली म्हणावी. साध्या व्हर्नियरचा इथे उपयोग नाही, कारण त्याचा सपाट जबडा मानेच्या आतील गोलाईवर नीट टेकत नाही. गोल टोकाचा मायक्रोमीटरच हवा. एका बाजूला जाड असलेली मान गोळीला चेंबरच्या मध्यापासून बाजूला ढकलते. शिवाय मूळ वाटीच तिरकी असेल तर हीच असमानता खाली धडापर्यंत उतरलेली असते, आणि अशी पुंगळी बारानंतर केळ्यासारखी किंचित वाकते. मान आतून-बाहेरून तासून हा खालचा दोष जात नाही.

वजनाबद्दल मात्र थोडे सावध राहावे. बाहेरचे आकारमान सारखे असेल तर जड पुंगळीत आतली जागा कमी असते, आणि पितळेची घनता पाण्याच्या साडेआठ पट असल्यामुळे वजनातील ८.५ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) फरकाने जागेत साधारण १ ग्रेन पाण्याइतका फरक पडतो. पण जादा पितळ बहुधा बुडाच्या कडेत किंवा पुंगळी बाहेर ओढण्यासाठी तिथे असलेल्या खाचेत दडलेले असते, आणि तिथल्या फरकाचा आतल्या जागेशी काही संबंध नसतो. वजन हा फक्त इशारा आहे.

आकडे मांडताना आणखी एक चूक सर्रास होते. सर्वांत जड आणि सर्वांत हलकी पुंगळी यांतील अंतर सांगून दोन उत्पादकांची तुलना केली जाते; पण हे अंतर नमुन्याच्या संख्येबरोबर वाढते. एकाच दर्जाच्या ढिगातून ५ पुंगळ्या घेतल्या तर ते अंतर प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याच्या मापाच्या) सरासरी २.३ पट भरते, २० घेतल्या तर ३.७ पट आणि १०० घेतल्या तर ५ पट. म्हणजे जास्त पुंगळ्या तोलणाऱ्याच्याच वाट्याला वाईट आकडा येतो! तुलना प्रमाण विचलनाची करावी.

फ्लॅश होल, म्हणजे ज्यातून प्रायमरची ज्वाला दारूपर्यंत जाते ते छिद्र, उजेडासमोर धरून पाहावे. ते ठोशाने पाडलेले असेल तर आतल्या बाजूला धातूचे कुसळ राहते, ड्रिलने पाडलेले असेल तर सहसा राहत नाही. मध्यापासून सरकलेले छिद्र मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

बुडाचा कडकपणा मोजायचा तर पुंगळी कापावी लागते. न कापता त्याचा अंदाज पहिल्या काही बारांनंतर येतो. दारूचे प्रमाण मर्यादेत ठेवूनही नवा प्रायमर बसवताना अंगठ्याला नेहमीचा विरोध जाणवला नाही आणि तो पॉकेटमध्ये, म्हणजे बुडातल्या त्याच्या खोबणीत, सहज सरकला, तर बूड नरम होते असे समजावे. अशी पुंगळी पुन्हा भरण्याच्या लायकीची उरत नाही.