चंचल मूल आणि पडदा: दोन वेगळे इतिहास

‘मोबाइलमुळे मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) झाला,’ असं बडोद्याच्या मराठी घरांत आता सर्रास बोललं जातं. पण चंचल मुलांचा इतिहास पडद्याहून, म्हणजे स्क्रीनहून, जुना आहे, आणि बडोद्यात पडदा आला तो तर शिक्षणाचं साधन म्हणून.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी ४३ मुलांची हकीकत व्याख्यानांतून मांडली. त्यांतल्या अनेकांच्या बुद्धीत काही उणं नव्हतं, पण लक्ष टिकत नसे, स्वतःला आवरता येत नसे. तेव्हा घरात रेडिओही नव्हता. स्टिल यांनी दोष दिला तो ‘नैतिक नियंत्रणा’च्या अभावाला, आज ते वाचताना खटकतं. मला यात शाळेचा वाटा मोठा दिसतो. ओसरीवर, शेतात खपून जाणारं मूल बाकावर बसवलं की लगेच नजरेत भरतं. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर आणलं, तो काळही हाच. पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९६८ मध्ये भर होता अतिचंचलतेवर, १९८० मध्ये तो अवधानावर आला आणि १९८७ मध्ये एडीएचडी हे नाव रूढ झालं.

पडद्याची गोष्ट वेगळी. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावलं. त्यांच्या ग्रंथालय चळवळीत पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर गावोगाव चित्रं आणि चलच्चित्रं दाखवणारी शाखाही होती. १९७५ मध्ये शेजारच्या खेडा जिल्ह्यात इस्रोचा टीव्ही प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी ‘साइट’ या शिक्षणपर टीव्हीच्या प्रयोगाने उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले, सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. पडदा सामुदायिक होता, आणि मुख्य म्हणजे प्रसारण संपलं की बंद व्हायचा. दांडिया बाजारात एका घरी टीव्ही आला की सगळी पोळ, म्हणजे गल्ली, तिथे जमे. त्या गर्दीत कोणाचं लक्ष कुठे होतं, हे कोणी तपासलं नाही.

दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती अमेरिकेत. १९९९ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नका असं सांगितलं. २००४ मध्ये डिमिट्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी पहिल्या व तिसऱ्या वर्षी पाहिलेला टीव्ही आणि सातव्या वर्षीच्या लक्षाच्या तक्रारी यांचा संबंध दाखवला. बातम्या झाल्या त्या एडीएचडीच्या. अभ्यासाचा आधार मात्र आईने दिलेली उत्तरं होती, डॉक्टरांचं निदान नव्हे. २०१० मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण ठरला. ही दुसरी बातमी फारशी कोणापर्यंत पोहोचली नाही.

२०१८ चा लॉस एंजेलिसमधल्या २,५८७ किशोरांचा अभ्यास अधिक नेटका आहे. सुरुवातीला लक्षणं नसलेल्या या मुलांना दोन वर्षं पाहिलं. एकही डिजिटल माध्यम वारंवार न वापरणाऱ्यांपैकी ४.६ टक्क्यांत लक्षणं दिसली, विचारलेली चौदाही माध्यमं वारंवार वापरणाऱ्यांपैकी १०.५ टक्क्यांत. फरक आहे, पण कारण सिद्ध झालेलं नाही: मुळातच अस्वस्थ मूल पडद्याकडे जास्त ओढलं जात असेल, ही शक्यता उरतेच. घरी तर अशा मुलाला शांत बसवायला मोबाइल आपणच देतो.

आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या व्हिडिओने प्रसारण संपण्याची वेळच काढून टाकली. नियम तासांतच राहिले. त्याच वर्षी अमेरिकी संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तास अशी मर्यादा घातली, आणि तान्ह्यांना पडदा नको म्हणताना व्हिडिओ कॉलला मात्र सूट दिली. नातवंडं परदेशी असलेल्या बडोद्याच्या आज्यांनी हे जरूर वाचावं. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीच्या मुलांना रोज ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन ऑनलाइन तासिका सुचवल्या. पुढच्याच वर्षी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने स्वतःची मार्गदर्शिका तयार केली: दोन वर्षांखाली पडदा नको, पाचपर्यंत एक तास, दहापर्यंत दोन तासांहून कमी, आणि जेवताना मुळीच नको.