साखरझोपेतला श्वास

मी सांगलीत लहान मुलांची फिजिओथेरपी करते. गेल्या पावसाळ्यात तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची बायको मुलाला घेऊन आली. मुलगा बारा वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे अंगातले स्नायू हळूहळू दुबळे करत नेणाऱ्या जन्मजात आजाराचा. दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर. तिची तक्रार श्वासाची नव्हतीच. "रात्रीत पाच-सहा वेळा हाक मारतोय ताई. कूस बदल, पाय सरळ कर. आणि सकाळी उठला की डोकं धरून बसतोय, चहा-बिस्कीटसुद्धा नको म्हणतोय." कुणी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, कुणी डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं.

मला संशय आला तो पहाटेचा. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू जवळजवळ सगळ्या स्नायूंना सैल सोडतो. डोळे हलत असतात आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, काम करत असतो. बरगड्यांमधले, मानेचे, एरवी मदतीला येणारे सगळे विश्रांतीवर. निरोगी मुलाचं यात काही बिघडत नाही. पण ड्युशेनमध्ये श्वासपटलही हळूहळू दुबळं होत जातं आणि त्या वेळी सगळा भार त्याच्या एकट्यावर येतो. अशी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आपण जिला साखरझोप म्हणतो नेमकी तेव्हा. श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानंच सकाळी डोकं दुखतं, भूक मरते, वर्गात पेंग येते. दिवसा मात्र मूल छान बोलतं, हसतं. धापही लागत नाही, कारण धाप लागेल एवढं ते धावतच नाही. हा आजार म्हणूनच फसवा आहे.

मग मोजायचं कसं? श्वासपटलाची ताकद काटेकोर मोजायची जुनी रीत म्हणजे नाकातून दोन फुगेवाल्या नळ्या घालायच्या, एक अन्ननलिकेत, एक जठरात. रक्तातले वायू पाहायचे तर मनगटाच्या धमनीत सुई. मूल रडायला लागलं की श्वासाची चालच बदलते, म्हणजे आकडा येतो तो रडण्याचा. टोचल्याशिवाय, नळी घातल्याशिवाय मोजता येणं ही मुलांच्या बाबतीत केवळ सोय नाही, अचूकपणाचीच अट आहे, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात पहिलं उपकरण आपले डोळे. आपल्याकडच्या आज्या तान्ह्या बाळाकडे बघून "पोट उडतंय" म्हणतात, त्यात खूप काही आलं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या जन्मजात आजाराच्या लहान बाळांत बरगड्यांमधले स्नायू लुळे पडतात, श्वासपटल मात्र बरंच शाबूत असतं. ते खाली ओढलं गेलं की पोट वर येतं आणि मऊ छाती आत खेचली जाते. सी-सॉसारखं. असंच चालू राहिलं की छाती वर निमुळती, खाली पसरट, घंटेच्या आकाराची होते. ड्युशेनच्या मोठ्या मुलांत श्वासपटलच थकलं की उलटं होतं: छाती वर आणि पोट आत.

हीच गोष्ट आकड्यांत मांडणारं यंत्र अगदी साधं दिसतं. दोन लवचीक पट्टे, एक काखेखाली छातीवर, एक बेंबीच्या पातळीवर. प्रत्येकात नागमोडी शिवलेली तार असते, तिच्यातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह फिरतो. श्वासासरशी पट्टा ताणला की तारेचं प्रेरकत्व, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा तिचा गुण, बदलतं आणि पडद्यावर लाट उमटते. दोन्ही लाटा हातात हात घालून चालल्या तर त्यांच्यातला कोन शून्य अंश. एक वर तेव्हा दुसरी खाली, तर 180. मुलाला फुंकायला सांगायचं नाही की काही समजावायचं नाही. ते झोपलेलं असलं तरी चालतं.

स्पायरोमीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर किती हवा बाहेर पडते ते मोजायचं यंत्र, साधारण पाच-सहा वर्षांनंतर जमतो. इथे एक चूक वारंवार दिसते. अपेक्षित आकडा उंचीवरून काढतात, आणि पाठीला बाक आलेल्या, उभं न राहणाऱ्या मुलाची उंची अंदाजे लिहिली जाते. कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून ती काढावी. ओठ घट्ट मिटत नसतील तर एका नाकपुडीत छोटं बूच बसवून दुसऱ्या नाकपुडीनं फूल हुंगल्यासारखं जोरात हुंगायला लावतात आणि त्याचा दाब मोजतात. मुलांना हा खेळच वाटतो. खोकल्याचा जोर, म्हणजे खोकताना हवा किती वेगानं बाहेर पडते, तोही मोजावा. मोठ्या मुलांत तो मिनिटाला 270 लिटरच्या खाली गेला, तर साध्या सर्दीतही कफ सुटत नाही आणि खोकायला मदत लागते. चालणं थांबलं की या तपासण्या दर सहा महिन्यांनी व्हायला हव्यात.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघर आला. पण तो ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. त्यासाठी कातडीवर चिकटवायचा सेन्सर असतो. तो 42-44 अंशांपर्यंत गरम होतो, त्यानं तिथलं रक्ताभिसरण वाढतं आणि कातडीतून झिरपणारा वायू रात्रभर मोजला जातो. मुलांमध्ये झोपेच्या पाव वेळेपेक्षा जास्त काळ हा आकडा पाऱ्याच्या 50 मिलिमीटरच्या वर राहिला, तर श्वास अपुरा पडतोय असं धरतात. आकडा न बघता घरी नुसता ऑक्सिजन लावणं धोक्याचं असतं: बोटावरचा आकडा सुधारतो, आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो.

त्या आईला मी सांगितलं, पहाटे पाचला सदरा वर करून, छाती-पोट दोन्ही दिसतील असा बाजूनं एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. तिनं काढला. खोलीत बल्बचा पिवळा उजेड, पांघरूण मांड्यांपर्यंत सरकवलेलं. दर श्वासाला छाती जराशी उचलली जात होती आणि बरगडीखाली पोटाला खळगा पडत होता. तो व्हिडिओ घेऊन ते फुप्फुसतज्ज्ञांकडे गेले, रात्रभराची तपासणी झाली आणि मुलाला रात्रीपुरतं मास्कचं बायपॅप मशीन, म्हणजे दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र, लागलं. पहिला आठवडा त्यानं मास्क ओढून काढला. नंतर सरावला.

दिवाळीनंतर आली तेव्हा डोळ्यांखाली काळं तसंच होतं. झोप मिळत नाही का, विचारलं. "मिळती की. पण आता हा हाकच मारत नाही ना, म्हणून मीच उठून बघती," ती म्हणाली.