मीटरवर किलोमीटर कमी, म्हणजे गाडी नव्यासारखी?

‘जुनी स्पोर्ट्‌स कूपे (दोन दारांची स्पोर्टी गाडी) घेताना मीटर बघा; किलोमीटर कमी असतील तर दुरुस्तीचा खर्च येत नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतोय. तो पटण्यासारखाच आहे, कारण कमी चाललेली गाडी कमी झिजते. पण रबर, तेल आणि बॅटरी उभ्या गाडीतही म्हातारी होतात.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि कमी तापमानाला उकळू लागतं. सिंहगडाचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबले, तर त्यात वाफ होऊन पेडल पोकळ जाऊ शकतं. म्हणून अनेक कंपन्या ते साधारण २ वर्षांनी बदलायला सांगतात. इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा) असेल तर त्यालाही किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात. आधी येईल ती पाळायची. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि स्वस्तातली कूपे तिथेच महाग पडते.

शिवाय मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे तारखेनुसार लावून बघा. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, तेही पाहा.

कोथरूडच्या पार्किंगमध्ये धूळ खाणाऱ्या २० हजार किलोमीटरवालीपेक्षा मी ७० हजार चाललेली, बिलं जपलेली गाडी आधी बघेन. आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून ती हळू नेऊन खालून खडखड येते का, ते ऐकेन.